पगार, मार्च ९१

सावद्याला मेहुण्याची केळी पिकवायची खोली आहे.
बाहेर सेहेचाळीस, आत सोळा.
क्रेटांच्या मागे, पत्र्याच्या ट्रंकेत,
माझा संग्रह.
मेहुणा हमालांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणतो,
"दाजी आले बायकांना भेटाले!"
हमाल हसत नाहीत, त्यांना घड मोजायचे असतात.

एकशे बारा फ्लॉप्या.
बऱ्याचशा सव्वापाच इंची,
उन्हाळ्यात घरी ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात.
बुरशी चढली की वरचं पाकीट कापून
आतली तबकडी साबणाच्या पाण्यात धुतो,
बोट न लावता, कडेनं धरून,
आणि सावलीत वाळवतो. बायको बघते.
"माझी साडी कधी अशी धुतली का हो," म्हणते.

खेळ साधा. पत्ते. तुमच्याकडे शंभर डॉलर,
तिच्याकडे शंभर डॉलर आणि अंगावरचे कपडे.
हरली की आधी हातमोजा.
मग दुसरा.
हातमोजे घातलेली बाई मी भुसावळात
त्याआधी पाहिलीच नव्हती.

रंग चारच. काळा, पांढरा,
बीट किसल्यावर बोटांना लागतो तो,
आणि मोरचुदाच्या पाण्याचा निळा.
खांदा म्हणजे जिना. गाल म्हणजे विटा.
नीट दिसायला दारापर्यंत मागे जाऊन
डोळे बारीक करावे लागायचे.
आम्ही आठ पोरं, एक मशीन,
झोपे सर डबा खायला गेले की
आठही जण मागे सरकत दारात.
चित्र वरून खाली उतरायचं, ओळ ओळ,
ड्राइव्ह जात्यासारखा घरघरायचा,
आणि कमरेपाशी आलं की सरांच्या चपला वाजायच्या.
एक कळ होती. दाबली
की बाई जाऊन जमाखर्च यायचा.
फिरके ती कळ दाबण्यात पटाईत होता. पुढे बँकेत लागला.

आता कशाला, असं बायको विचारते.
आता तर खिशातल्या फोनमध्ये सगळं, फुकट, आरडाओरडा करत.
मी सांगायला जातो आणि मधेच
चहा कुठे ठेवलाय ते विचारतो.

परवा अंमळनेरला गेलो.
गिरणीच्या पगार खात्यातले वाणी वारले,
त्यांच्या कुमुदताईंनी जुनं मशीन काढलं होतं.
बरोबर एक खोकं.
वरच्या फ्लॉपीवर निळ्या शाईत: पगार, मार्च ९१.
अक्षर सुरेख, सरकारी.
"ह्यांच्या कामाच्या फायली," कुमुदताई म्हणाल्या,
माझ्याकडे बघत. जरा जास्तच वेळ बघत.
पैसे मोजून घेतले.
पायरीपर्यंत आल्या, म्हणाल्या, "चालते अजून ती."
फ्लॉपी, की मशीन, की कोण, ते विचारलं नाही मी.

रात्री लावली. घरघर.
पगार नव्हताच.
जुना डाव जपून ठेवलेला, उघडायचा का, विचारलं.
खेळाडूचं नाव: कुमुद.

मी वाट बघत बसलो, ओळ ओळ उतरेपर्यंत.
ती संपूर्ण कपड्यांत होती.
कोट, गळ्यातला रुमाल, दोन्ही हातमोजे.
इतकं सगळं अंगावर मी कधी पाहिलं नव्हतं.
तिच्याकडे एकशे पंच्याण्णव डॉलर. कुमुदकडे पाच.
म्हणजे कुणीतरी हरत गेलं होतं,
रात्र रात्र, नवरा झोपल्यावर,
आणि ही एकेक कपडा सोडवून परत घेत गेली होती.

पत्ते येत नसतील कुमुदताईंना.
किंवा येत असतील.
कारण हातात तीन राण्या होत्या,
आणि पडद्यावर प्रश्न: लावता, की सोडता?
तिथेच थांबवलेलं. तीसेक वर्षं.

माझं बोट कळीवर होतं, खोटं कशाला सांगू.
पाच डॉलर लावले असते तर हातमोजा गेला असता.
खालच्या गल्लीत कुणीतरी कुलरमध्ये पाणी ओतत होतं.
मी फ्लॉपी काढली.
पाकिटात घातली.

सकाळी सावद्याला, क्रेटांच्या मागे.
"नवी आली का, दाजी?"
नाही म्हटलं. पगाराची आहे.